विश्लेषण : स्पोर्ट बाइकसाठी चिकट टायर घ्यावा की टिकाऊ? तीर्थपुरीच्या रस्त्यांवर उत्तर का बदलते

स्पोर्ट बाइक घेताना मायलेज आणि हप्ता यांची चौकशी सगळे करतात. टायरची चौकशी मात्र पहिला टायर संपल्यावर सुरू होते. शंभर सीसीच्या गाडीवर वर्षानुवर्षे एकच मागचा टायर वापरलेल्या घरात नवी दोनशे किंवा चारशे सीसीची गाडी येते. मग दीड वर्षातच टायरवाला सांगतो, ‘मधून पार गोटा झालाय, बदलावा लागेल.’ वर किंमत ऐकली की घरच्यांचाही आवाज वाढतो.

यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणतो, विदेशी सॉफ्ट कंपाउंडचा टायर टाक, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. कोणी म्हणतो, पैसे वाया घालवू नको, कडक टायर टाक, तीस हजार किलोमीटर बघायला नको. दोन्ही सल्ले देणारे आपापल्या अनुभवावरून बोलत असतात. घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावात रोज गाडी चालवणाऱ्याला मात्र या दोन्हींपैकी एकही सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. कारण इथे टायरची पकड बहुतेक वेळा रबराआधी रस्ताच ठरवतो.

पकड आणि आयुष्य यांचे भांडण कशावरून?

डांबरी रस्ता लांबून सपाट दिसला तरी जवळून तो खडीच्या टोकांचा असतो. टायरचे रबर या टोकांवर दाबले जाते, त्यांच्या फटींमध्ये शिरते आणि पुन्हा बाहेर येते. रबर जितके मऊ, तितके ते खोल शिरते आणि तितकी पकड जास्त. पण प्रत्येक वेळी आत-बाहेर होताना रबर तापते आणि त्याचे बारीक कण खडीवर राहून जातात. पकड देणारी क्रियाच टायर झिजवते. म्हणून जास्तीत जास्त पकड आणि जास्तीत जास्त आयुष्य एकाच रबरात मिळत नाही.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे मोटोजीपी. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदा ही शर्यत झाली. तिथले टायर शर्यतीपूर्वी विजेच्या गरम कापडात गुंडाळून ठेवतात, कारण थंड असताना ते नीट पकड देत नाहीत. आणि त्यांचे आयुष्य? एक शर्यत, म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर. तीर्थपुरीहून जालन्याला जाऊन परत आले की संपले!

रस्त्यावर चालणारे टायर या टोकापासून बरेच लांब असले तरी त्यांच्यातही पायऱ्या आहेत. अगदी मऊ ‘सुपरस्पोर्ट’ प्रकारचा मागचा टायर ढोबळमानाने पाच ते आठ हजार किलोमीटर चालतो. ‘स्पोर्ट टुरिंग’ म्हणून विकला जाणारा टायर दहा ते पंधरा हजार किलोमीटर जातो. रोजच्या वापराच्या गाड्यांचा कडक टायर त्याच्या दुप्पट चालू शकतो. गाडीची ताकद, वजन, हवा आणि चालवणाऱ्याचा उजवा हात यांच्यावर हे आकडे बरेच खाली-वर होतात.

इथला टायर मधूनच का संपतो?

तीर्थपुरी परिसरातील कुठल्याही स्पोर्ट बाइकचा जुना मागचा टायर हातात घेऊन बघा. मधली पट्टी गुळगुळीत आणि दोन्ही कडांची नक्षी जवळपास कोरी असते. घाटात चालणाऱ्या गाडीचा टायर कडेपर्यंत घासलेला दिसतो. पुण्या-मुंबईकडचे बाइकवाले कडेला न वापरलेल्या रबराची थट्टाही करतात. पण हा दोष चालवणाऱ्याचा नाही. मराठवाड्यातील हा पट्टा सपाट आहे आणि रस्ते सरळ. अंबड, घनसावंगी, शहागड, जालना कुठेही जा, गाडी तिरकी करायची वेळ फारशी येतच नाही. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जात असला तरी त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे लांबचा प्रवास म्हणजे शहागडला धुळे-सोलापूर महामार्गाला लागायचे आणि सरळ निघायचे. सलग वळणे हवी असतील तर म्हैसमाळ, कन्नडचा औट्रम घाट किंवा बीडच्या पुढचा मांजरसुंबा घाट गाठावा लागतो. तेही महिन्या-दोन महिन्यांतून एखादा रविवार.

म्हणजे इथे गाडीच्या एकूण धावेतील बहुतांश भार टायरच्या मधल्या तीन-चार बोटे रुंद पट्टीवर पडतो. टायर पूर्ण मऊ रबराचा असेल तर ही पट्टी भराभर संपते आणि ज्या कडेच्या चिकट रबरासाठी जादा पैसे मोजले, ते न वापरताच भंगारात जाते.

इथे फक्त पैशाचा प्रश्न नसतो. मधून घासलेला टायर गोल राहत नाही, चौकोनी होतो. अशा टायरवर वळण घेताना गाडी आधी वळायला नकार देते आणि मग सपाट भाग संपला की एकदम आत पडल्यासारखी होते. रोजच्या सरळ रस्त्यावर हे जाणवत नाही. महिन्यातून एकदा घाटात गेल्यावर ते जाणवते, आणि ती जाणीव व्हायची जागा घाट नव्हे.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे दुहेरी कंपाउंड : मध्ये कडक रबर आणि दोन्ही बाजूंना मऊ. सरळ रस्त्याच्या मुलखासाठी हा सगळ्यात उपयोगी प्रकार म्हणावा लागेल. टायर घेताना कंपनीचे नाव विचारण्याआधी ‘ड्युअल कंपाउंड आहे का’ हे विचारावे.

ऊस, काळी माती आणि सकाळचे दव

आता मूळ मुद्दा. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे आणि गोदाकाठामुळे हा भाग उसाचा झाला. समर्थ सहकारी साखर कारखान्याचे दुसरे युनिट तीर्थपुरीतच आहे. गाळप हंगाम सुरू झाला की दिवसरात्र ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. भिजवलेल्या रानातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती रस्त्यावर टाकत येतो. वरून पाचट आणि उसाच्या कांड्या सांडतात. हिवाळ्यातल्या पहाटे त्यावर दव पडते. उन्हाने वाळलेली माती धूळ होते, आणि बारीक धूळही टायरखाली छर्ऱ्यांसारखे काम करते.

काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. ती पाणी धरून फुगते आणि तिचा बुळबुळीत थर होतो. टायर अशा थरावर आला की त्याचा खडीशी संबंधच उरत नाही. रबर कितीही महागडे असले तरी ते ज्या टोकांना धरणार ती टोके चिखलाखाली गेलेली असतात. टायरच्या नक्षीने पाणी बाहेर फेकले जाते, चिकणमाती फेकली जात नाही. उलट नक्षीच्या खाचाच मातीने भरून जातात.

हे आकड्यांत मांडले की फरक चटकन कळतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबायला किती अंतर घेईल, याचे भौतिकशास्त्रातले सोपे सूत्र आहे. वेगाचा वर्ग करायचा, त्याला घर्षण गुणांक आणि गुरुत्वाच्या दुपटीने भागायचे. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगल्या स्पोर्ट टुरिंग टायरचा घर्षण गुणांक ०.९ धरला तर अंतर येते २८ मीटर. त्याहून चिकट टायरचा १.० धरला तर २५ मीटर. फरक तीन मीटरचा. तोच रस्ता ओल्या चिखलाचा झाला आणि गुणांक ०.३ वर आला तर दोन्ही टायरना ८४ मीटरच्या आसपास लागतात. यात ब्रेक दाबायचे सुचायला लागणारा एक सेकंद धरलेला नाही. त्या एका सेकंदात गाडी आणखी २२ मीटर पुढे गेलेली असते.

कोरड्या रस्त्यावरच्या त्या तीन मीटरबद्दलही एक मेख आहे. सरळ रेषेत जोरात ब्रेक मारताना स्पोर्ट बाइकचे वजन पुढच्या चाकावर येते आणि गुणांक एकच्या आसपास पोहोचला की मागचे चाक उचलले जाऊ लागते. म्हणजे त्यापुढची पकड टायरमध्ये असली तरी सरळ ब्रेकिंगमध्ये ती वापरताच येत नाही. जादा चिकट रबराचा खरा फायदा खूप तिरके होऊन वळण घेताना मिळतो. गुणांक १.० असेल तर गाडी सुमारे ४५ अंशांपर्यंत झुकू शकते. चिखलाच्या ०.३ वर ही मर्यादा १७ अंशांच्या आत येते. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या वळणावर ४५ अंशांची गरज कोणाला पडते?

पाऊस पडून धुतलेल्या डांबरी रस्त्यावर मात्र टायर-टायरमध्ये मोठा फरक पडतो. तिथे चांगला टायर ०.६ पर्यंत पकड धरू शकतो आणि कडक झालेला, जुना टायर ०.४५ पर्यंत घसरतो, असे धरून हिशेब केला तर ८० च्या वेगाला ४२ मीटर विरुद्ध ५६ मीटर, म्हणजे १४ मीटरचा फरक. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर नसेल आणि संध्याकाळची वेळ असेल तर १४ मीटर म्हणजे बराच फरक.

म्हणून पैसे मोजायचे असतील तर ते ओल्यातल्या पकडीसाठी मोजावेत. रबरात काजळीबरोबर सिलिकाचे प्रमाण चांगले असेल तर टायर थंड आणि ओल्या रस्त्यावरही लवचिक राहतो, शिवाय फार लवकर झिजत नाही. पकड आणि आयुष्याच्या भांडणात गेल्या काही दशकांत झालेली खरी तडजोड ही सिलिकाची आहे. सध्याचे बहुतेक चांगले स्पोर्ट टुरिंग टायर याच वाटेने जातात. टीव्हीएसने आपल्या अपाची आरआर ३१० वर २०२० पासून मिशलिनचा रोड ५ हा टायर दिला. गाडी ट्रॅकच्या थाटाची असूनही टायर टुरिंगचा निवडला गेला, यातून बरेच समजते.

चिंता करण्यासारखे कारण आहे का?

आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून अधिक मृत्यू झाले. यातले सगळे टायरमुळे नव्हेत हे उघड आहे. पण दुचाकी रस्त्याला जिथे टेकते तो भाग प्रत्येक चाकाला तळहाताएवढाही नसतो. एबीएस ही सोयदेखील तेवढ्या जागेतल्या पकडीवरच चालते. १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची झाली. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण नसलेली पकड तयार करत नाही.

मग घ्यावा कोणता?

रोजचा वापर गाव-तालुका-जिल्हा असा असेल आणि वर्षातून चार-पाच वेळा लांबची फेरी होत असेल तर दुहेरी कंपाउंडचा, ओल्या रस्त्यासाठी ओळखला जाणारा स्पोर्ट टुरिंग रेडियल टायर हे सरळ उत्तर आहे. पूर्ण मऊ टायर फक्त ट्रॅकवर जाणाऱ्यांनी घ्यावा. अगदी कडक, ‘तीस हजार चालतो’ म्हणून विकला जाणारा टायर तर ताकदवान गाडीवर टाकूच नये. त्याने पैसे वाचतात ते पहिल्या पावसापर्यंत.

पैशाचा हिशेबही किमतीवर नव्हे, किलोमीटरवर करावा. उदाहरणापुरते धरा, मऊ टायर नऊ हजारांना आला आणि सहा हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरला दीड रुपया पडला. टुरिंग टायर तेवढ्याच पैशात बारा हजार चालला तर पाऊण रुपया. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला अडीच-तीन रुपये धरला तर हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही. पण कडक टायरने हाच खर्च चाळीस पैशांवर आणला तरी वाचणारे पस्तीस पैसे त्या १४ मीटरच्या बदल्यात वाचतात, हेही लक्षात घ्यावे.

साधारणपणे मागचे दोन टायर संपेपर्यंत पुढचा एक संपतो. त्यामुळे अनेक जण मागे नवा भारी टायर टाकतात आणि पुढे वर्षानुवर्षे जुनाच ठेवतात. हे नेमके उलटे आहे. ब्रेक मारताना भार पुढे येतो, आणि पुढचे चाक सरकले तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही. मागचे चाक थोडे सरकले तर निदान संधी असते. दोन्ही टायर एकाच प्रकारचे असणे उत्तम. ते परवडत नसेल तर चांगला टायर पुढे हवा.

आणि रुंदीचा मोह टाळावा. पल्सर एनएस २०० ला मागे १३०/७०-१७ टायर येतो, यामाहा आर१५ ला १४०/७० आर १७, केटीएम २०० ड्यूकला १५०/६० आर १७. गाडी भारदस्त दिसावी म्हणून एक-दोन नंबर मोठा टायर बसवून घेण्याची हौस सगळीकडे आहे. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि त्याचा गोलाकार बिघडतो. रस्त्याला टेकणारी जागा वाढण्याऐवजी कमी होऊ शकते. गाडी जड वळते ते वेगळेच.

दुकानात काय बघायचे?

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. छोट्या गावात महागड्या आकाराचे टायर रोज खपत नाहीत, त्यामुळे ते दुकानात पडून असण्याची शक्यता जास्त. रबर पडून पडूनही कडक होते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढलेला टायर तर आणखी. एक-दीड वर्षापर्यंतचा चालेल. चार वर्षांचा टायर सवलतीत मिळत असला तरी नको. जालन्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून मागवलेला असेल तर पैसे देण्याआधी हे चार आकडे वाचून घ्यावेत.

आकारापुढे ‘६६एच’ असे काही लिहिलेले असते. ६६ म्हणजे टायर ३०० किलोपर्यंत भार घेऊ शकतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा यातले काहीही कमी घेऊ नये. बाणाची दिशाही बसवताना तपासावी, कारण घाईत उलटा बसवलेला टायर दिसायला सारखाच दिसतो. जुन्या टायरवर नक्षी कोरून किंवा रबर चढवून विकलेला माल मोटारसायकलला अजिबात लावू नये.

टायर कधी बदलायचा हे टायरच सांगतो. नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटा असतो आणि त्याच्या रेषेत कडेला ‘टीडब्ल्यूआय’ अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. मधली पट्टी त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला, कडा कितीही कोऱ्या असोत. पावसाळ्याच्या तोंडावर तर थोडे आधीच बदललेले बरे, कारण खाच उथळ झाली की पाणी फेकण्याची ताकद झपाट्याने कमी होते.

हवा, बाभळीचे काटे आणि स्ट्रिप

पकड आणि आयुष्य या दोन्हींवर एकाच वेळी परिणाम करणारी आणि सर्वात स्वस्त गोष्ट म्हणजे हवा. हवा जास्त असेल तर मधली पट्टी आणखी फुगून आणखी लवकर संपते. सरळ रस्त्याच्या मुलखात हा दुहेरी तोटा आहे. कमी असेल तर टायर तापतो, कडेने घासतो आणि गाडी जड होते. हवेचा दाब दर दहा अंश तापमानाला साधारण दीड पीएसआयने बदलतो, म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी बघावी. मे महिन्याच्या दुपारी तापलेला टायर मोजून ‘जास्त आहे’ म्हणून हवा काढली तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती कमी भरते. पंक्चरच्या दुकानातले मीटर अनेकदा चुकीचे दाखवते, त्यामुळे स्वतःचा छोटा गेज बाळगणे परवडते. किती हवा भरायची ते चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेले असते, आणि मागे कोणी बसणार असेल तर तो आकडा वेगळा असतो.

वेड्या बाभळीचा काटा हा इथल्या रस्त्यांचा जुना सोबती. पाच-सहा मिलिमीटर नक्षी असलेल्या टायरमध्ये तो अर्ध्यातच अडकतो, गोटा झालेल्या टायरमध्ये थेट आत जातो. त्यामुळे पंक्चर वारंवार व्हायला लागले तर दोष रस्त्याला देण्याआधी टायरकडे बघावे. ट्यूबलेस टायरला बाहेरून टाकलेली स्ट्रिप घरी पोहोचण्यापुरती ठीक. महामार्गावर वेगाने जाणाऱ्या गाडीला आतून लावलेला मशरूम पॅच हवा, तोही मधल्या भागात. टायरच्या बाजूच्या भिंतीला काटा किंवा खिळा लागला असेल तर पॅच नको, टायर बदलावा.

नवा टायर बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवावे. नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर घासला जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही, आणि टायर रिमवर नीट बसायलाही तेवढा वेळ लागतो. हंगाम सुरू असेल तर दुकानातून निघून कारखान्याच्या रस्त्याला लागण्याऐवजी पहिले काही दिवस दुसरा, स्वच्छ रस्ता धरावा.